ऑर्विलच्या ट्रकचे नवे ब्रेक

ट्रकच्या पुढच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून तिथे डिस्क ब्रेक बसवायचे, असं ऑर्विलने ठरवलं. "दुपारच्या जेवणाआधी होईल काम," असं त्याने बायकोला, नेडाला सांगितलं. (कुठल्या दिवशीच्या जेवणाआधी, ते सांगितलं नव्हतं. म्हणजे खोटं बोलला असं काही म्हणता येणार नाही.)

ट्रक चौसष्ट सालचा. देखणा, पिस्त्याच्या रंगाचा आणि महाहट्टी. पेडल दणादण हाणून शेवटी त्यावर उभं राहिलं की मगच थांबायचा. तेही त्याच्या मनात आलं तर. नेब्रास्कातल्या त्या एवढ्याशा गावात वर्षातून एकदा संस्थापकांच्या नावाने मिरवणूक निघते. गेल्या खेपेला ऐन मिरवणुकीत ट्रकने चर्चचा फलक आडवा केला. त्यावर लिहिलं होतं, ‘सर्वांचं स्वागत आहे’.

तेव्हाच नेडाने ऐकवलं होतं, "पुढच्या मिरवणुकीत हा वेळेवर थांबला तर राहील. नाही तर सोमवारी विकायचा. हा माझा शेवटचा शब्द."

नेडाचा पहिला शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती, तिथे शेवटच्याची काय कथा! ट्रक विकायच्या कल्पनेने ऑर्विलला अन्न गोड लागेना. (मक्याचं तिसरं कणीस त्याने अर्धं टाकलं. त्याच्या दृष्टीने हा उपासच.)

तर डिस्कच्या चकत्या बसल्या, चकत्यांना चिमटा घेणारे कॅलिपर बसले. उरलं ते ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं. त्याला दोन माणसं लागतात आणि जगभर ती दुसरी व्यक्ती बायकोच असते. नेडा सोडा पीत स्टिअरिंगमागे बसली. ऑर्विल चाकाशी आडवा झाला.

"दाब!"

"दाबलं."

"धरून ठेव! सोडू नकोस!"

"धरलंय. पाय आहे माझा, खांब नाही."

"आता सोड!"

"सोडलं. झालं?"

"पेडल कसं लागतंय?"

"लापशीत पाय घातल्यासारखं."

दुपार गेली, ब्रेक ऑइलचे डबे गेले, ऑर्विलच्या अंगावर तेलाची आंघोळ झाली. पेडल आपलं लापशीच. शेवटी नेडा खाली उतरली आणि वाकून बघू लागली.

"हवा कुठून काढतोयस?"

"हा काय, या स्क्रूमधून."

"हा तर तळाशी आहे." तिने सोड्याची बाटली त्याच्या नाकासमोर धरली. "बुडबुडे कुठे जातायत?"

"वर."

"मग तू त्यांना खालून का बोलावतोयस?"

ऑर्विलने बाटलीकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं. डाव्या चाकाचा कॅलिपर उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे बसला होता, म्हणून वरचे स्क्रू तळाशी आले होते! "कारखान्यात हल्ली काहीही बनवतात," तो पुटपुटला आणि मुकाट्याने दोन्ही काढून अदलाबदल केली. मग मात्र पेडल असं टणक झालं, की त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. (थोडं ब्रेक ऑइलही गेलं होतं.)

मिरवणुकीच्या दिवशी ट्रकच्या मागच्या हौद्यात गवताचे गठ्ठे टाकले. त्यांवर नेडा आणि तिच्या गोधडी मंडळाच्या बाया, मधोमध खाऊच्या गोळ्यांनी भरलेला टब. बाया पोरांकडे गोळ्या उधळत होत्या. ट्रकपुढे शाळेचा बँड. सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं.

आणि बँड अचानक थांबला.

ऑर्विलच्या डोक्याला नवे ब्रेक ठाऊक होते. पायाला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळी हयात हाणत आला होता, तसंच त्याने पेडल हाणलं. ट्रक जागच्या जागी खिळला. बाकी कुणी नाही. गठ्ठे सरकले, गोधडी मंडळ एका ढिगात केबिनच्या काचेला जाऊन चिकटलं, नेडाची टोपी बॉनेटवर आणि टबभर गोळ्या टपावरून उडून थेट ट्यूबा वाजवणाऱ्याच्या भोंग्यात.



"थांबला!" ऑर्विल आनंदाने ओरडला. "नेडा, पाहिलंस? थांबला!"

नेडा केसांतलं गवत काढत उतरली. त्याच्या बाजूचं दार उघडून म्हणाली, "उतर."

ऑर्विलचा चेहरा पडला. "सोमवारी विकायचा?"

"ट्रक कशाला विकू? ब्रेक झकास आहेत. पाय बाद झालाय. जा, मागे बस."

बायांनी त्याला दोन गठ्ठ्यांच्या मध्ये घट्ट बसवलं आणि मांडीवर रिकामा टब दिला. नेडाने ट्रक असा अलगद नेला आणि निवेदकाच्या मंचासमोर असा अलगद थांबवला, की लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑर्विलने अदबीने मान झुकवली.

निवेदक परगावचा होता. "वा!" तो भोंग्यावरून गरजला. "इतका जुना ट्रक इतका सुरेख ठेवलाय या बाईंनी! आणि मागे बसलेत ते त्यांचे वडील. या वयातही हौस बघा!"

नेडाने खिडकीतून हात हलवला, हसली आणि गिअर टाकला.