लटारीभाऊंचे शिपाई

आमच्या शेजारचे लटारीभाऊ शिंकले की साऱ्या आळीला कळायचं. शिंकेमुळे नव्हे, तिच्यामागून येणाऱ्या आरोळीमुळे. "धरला!" असं ओरडायचे. कोणाला? तर नाकातून आत घुसू पाहणाऱ्या रोगाला!

या माणसानं जन्मभर जंगलखात्याच्या नाक्यावर सागवानचोर पकडले, मग रिटायर होऊन एकटेच आमच्या सावली गावात राहायला आले. येताना नाका अंगातच घेऊन आले असावेत. मला म्हणायचे, "मास्तरीणबाई, आपल्या रक्तात शिपाई असते. रात्रंदिवस गस्त घालून राह्यले. कातडी म्हणजे कुंपण. ताप आला तं भ्याचं नाई, शिपायांनी शेकोटी पेटवली समजाचं." मांडीवर गळू झालं, तेव्हा पू पाहून यांनी टोपी काढली. म्हणे, कामी आलेले शिपाई! मी हसून हसून बेजार.

लस म्हणजे चोराचा फोटो. "आधी दाखवून ठेवला का शिपाई बरोबर ओळखते." शाळेत पोरांना टोचायला नर्सबाई आल्या, तेव्हा यांनी रांगेपुढे हे भाषण ठोकलं. "भाऊ, तुम्हीपण धनुर्वाताचं घेऊन टाका," असं बाई म्हणाल्या मात्र, गडी जो पसार झाला तो थेट मार्कंड्याला. देवदर्शनाला म्हणे! सुईला एवढा भिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अशात माझ्या लेकीला, प्रज्ञाला, पिसाळलेलं कुत्रं चावलं. लोकांनी ते दुपारीच मारलं, पण माझ्या पायांखालची जमीन सरकली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं. पोरगी दवाखान्याच्या खांबाला मिठी मारून बसली. "मी नाई घेत! मेली तरी चालन!" मी ओढलं, रागावले, शेवटी मीच रडायला लागले.

तेवढ्यात लटारीभाऊ मनगट पुढे करून हजर. "डॉक्टरसाहेब, मलेबी चाटलं त्या कुत्र्यानं. या ओरखड्यांवर."

अहो, ते ओरखडे आदल्या संध्याकाळी, कुत्रं मेल्यावर, आमचं कुंपण बांधताना बाभळीच्या काट्यांनी काढलेले! हळद मीच लावली होती. मी तोंड उघडणार, तर त्यांनी असे डोळे वटारले की मी गप्पच झाले.

"माय, हा चोर आपल्या शिपायांनी कधी पाह्यलाच नाई," ते प्रज्ञाला म्हणाले. "चोराच्या आधी फोटो पोचला पाह्यजे. पाहा, पहिले मी घेतो." पोटात सुई गेली आणि "धरला!" ऐवजी निघालं, "आई गंऽऽ!" पोरगी खांब सोडून खदखदा हसली.

मग रोज सकाळी दोघं हात धरून दवाखान्यात. "आबाजी, डोळे मिटा," असं तीच त्यांना सांगायची.

शेवटचं इंजेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, "आता काळजी नाही." किती हलकं वाटलं, काय सांगू! शिरा केला आणि प्रज्ञासोबत वाटी द्यायला गेले. लटारीभाऊ ओसरीवर बसले होते.

"लय बेस झालं, माय सुटली," म्हणाले. वाटी हातातच राहिली. "पण मास्तरीणबाई, आता उद्या सकाळी मी कुठी जाऊ?"

प्रज्ञा म्हणाली, "आबाजी, मले शाळेत सोडून द्या ना. रस्त्यात कुत्रे राह्यते, मले भेव लागते."

शाळा त्यांच्या ओसरीसमोरच, रस्ता ओलांडला की फाटक. पण लटारीभाऊंनी वाटी खाली ठेवली आणि चपला पुसायला घेतल्या.