दिवाळीतला खंदक

शिर्केकाका पार्किंगपासून लिफ्टपर्यंत सरळ कधीच चालत नाहीत. चार पावलं उजवीकडे, वळण, चार पावलं डावीकडे, पुन्हा वळण. आखातात, उम्म अल हस्सम भागातल्या या बिल्डिंगमध्ये मी राहायला आले तेव्हा मला वाटलं, काका रोज घेऊनच येतात. नंतर कळलं, ताकापलीकडे त्यांनी आयुष्यात काही घेतलेलं नाही.

शेवटी एकदा विचारलंच. "खंदक सरळ खणला तर एका टोकाला मशीनगन लावून अख्खी रांग आडवी करता येते," ते म्हणाले. "म्हणून वळणं द्यायची, अनघा. सवय लागली की सुटत न्हाई."

ही सवय लागायला काका काही लढाईवर गेले नव्हते. ते एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर. पाइपसाठी खणलेले चर माणसांवर ढासळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना फळ्या लावून घ्यायच्या, हे त्यांचं काम. पण शंभर वर्षांपूर्वीच्या महायुद्धाबद्दल ते असे बोलतात, की कालच तिथली रजा संपवून आलेत. "आधी डोकं खाली, मग बोलणं" हे त्यांचं पालुपद. साइटवर फोरमनला तेच, मीटिंगमध्ये साहेबाला तेच आणि माझ्या मुलीला अपूर्णांक शिकवतानाही तेच. एकदा तिने विचारलं, "काका, बट हू वन द वॉर?" काका म्हणाले, "मशीनगन."

यंत्रांवर त्यांचा मनापासून राग. घरात मिक्सरसुद्धा नाही, चटणी खलबत्त्यात. बायको मुलीच्या कॉलेजसाठी पुण्याला गेली, त्याआधी ती मिक्सरसाठी आठ वर्षं भांडली आणि हरली. काका आमच्याकडे जेवायला आले की आमटीसोबत आम्हाला युद्धशास्त्र वाढतात. "पूर्वी नेम धरणाऱ्याला समोरच्याचं तोंड तरी दिसायचं गं. मशीनगनला तोंड मफी, न्हाईच. मग रणगाडा आला, खंदक खलास. आता ड्रोन. आता डोकं खाली घालून तरी काय उपयोग? जरा भात वाढ."

आणखी एक खोड. दर वर्षी रजेवर पाटणजवळच्या गावी जाताना ते पाच किलो खजूर नेतात. सामान जास्त भरलं तर स्वतःचे शर्ट काढून ठेवतील, खजूर नाही. मी एकदा म्हटलं, "काका, हल्ली तुमच्या गावातल्या किराणा दुकानातही खजूर मिळत असेल." "मिळू दे," म्हणाले आणि विषय संपवला. मी घरी येऊन नवऱ्याजवळ यथेच्छ चेष्टा केली.

गेल्या दिवाळीत इथल्या आमच्या मराठी मंडळाने किल्ला स्पर्धा ठेवली. मी परीक्षक. नियम एकच, पण ठळक अक्षरांत: किल्ला महाराजांचाच हवा. कार्यक्रमात प्रत्येक किल्ल्याचं आणि किल्लेदाराचं नाव स्टेजवरून वाचायचं ठरलं होतं. काकांनी नाव नोंदवलं, गाडी रस्त्यावर लावली आणि पार्किंगच्या जागेत नर्सरीतून मातीची पोती आणून टाकली. दहा दिवस ते तिथे उकिडवे बसलेले दिसत.

गुणांचा कागद घेऊन मी गेले, तर किल्ला कुठेच नव्हता. सगळ्यांचे किल्ले वर चढलेले, यांचा खाली उतरलेला. गुडघाभर उंचीचा मातीचा ओटा, त्यात नागमोडी खंदक. बोटाएवढी वाळूची पोती, तळाला चिखल, कडेला आइस्क्रीमच्या काड्यांच्या फळ्या. काम एकदम पक्कं. गावाहून आणलेल्या मावळ्यांना खाकी रंग फासून शिपाई केलं होतं. त्यातल्या एकाच्या हातात बंदूक नव्हती आणि पायाशी तपकिरी, लांबट असं काही पडलं होतं. मी जाणकारासारखं लिहिलं: तोफगोळा सैनिकाच्या मानाने फार मोठा, दोन गुण वजा.

"काका, हे बाद होणार," मी सांगितलं.

"कर बाद. बक्षीस नकोय मला. फक्त नाव वाच स्टेजवरनं. किल्लेदार सखाराम शिर्के."

"तुमचं नाव तर वसंत."

"पणजोबा माझे," काका म्हणाले. पालुपद आलं नाही. "त्या महायुद्धात पलटणीत होते. त्यांची जहाजं बसऱ्याला जाताना इथल्या समुद्रात थांबली होती. खाली उतरू दिलं न्हाई. जहाजावरनं पणजीला पत्र धाडलं, दुसऱ्याकडनं लिहून घेऊन. लांबनं खजुराची झाडं दिसत्यात, येताना खजूर घेऊन येतो. तेवढंच पत्र. पुढं तिकडंच कुठल्या तरी खंदकात मशीनगननं गेले. आजा सांगायचा, म्हातारी मरेपर्यंत मुंबईवरनं येणाऱ्याला विचारायची, खजूर धाडलाय का."

मी वाकून पाहिलं. तोफगोळा नव्हताच तो. खजुराची बी होती.

"म्हणून पाच किलो?"

"पणजीच्या फोटोपुढं ठेवतो. मग गावात वाटतो. इथं पंधरा वर्षं काढली, पण त्यांचं नाव इथं कुणी घेतलेलं ऐकलं न्हाई. एकदा ऐकायचंय."

मला माझीच लाज वाटली. कागदावरचं "दोन गुण वजा" मी तिथेच खोडलं.

मंडळात अर्थातच वाद झाला. अध्यक्षांनी नियम दोनदा वाचून दाखवला. मी दोन्ही वेळा मान डोलावली आणि कार्यक्रमाच्या दिवशी, सगळी बक्षिसं वाटून झाल्यावर, माइक न सोडता वाचलं, "उत्तेजनार्थ. खंदक. किल्लेदार, सखाराम शिर्के, तालुका पाटण."

काका शेवटच्या रांगेत होते. ते उठले. खुर्च्यांमधली वाट चांगली रुंद होती, दहा वळणं सहज बसली असती. मी पहिल्या वळणाची वाट पाहत राहिले. पण काका ताठ मानेने सरळ चालत स्टेजपर्यंत आले.

प्रमाणपत्रावर मी वसंत शिर्के लिहिलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि माझ्याकडे पेन मागितलं. स्वतःचं नाव नीट खोडून वर पणजोबांचं लिहिलं.

"या रजेला खजुराबरोबर हे पण नेतो," ते म्हणाले.