बिनओळखीची खिडकी

आमच्या गावचं रुग्णालय गावानं बांधलेलं आहे. सरकारचं नाही, कुणा अमीराचंही नाही. कराक शहराच्या दक्षिणेला, डोंगराच्या उतारावर ते उभं राहिलं तेव्हा ज्याला जमलं त्यानं दगड दिला, ज्याला जमलं त्यानं मेंढ्या विकल्या, आणि ज्याला यातलं काहीच जमलं नाही त्याला व्यवस्थापक मंडळावर घेतलं. मी त्या मंडळाचा चिटणीस आहे.

डॉ. जिर्यिस यांनी हयातभर ते चालवलं. त्यांच्याकडे रांग नव्हती. सकाळी ते व्हरांड्यात उभे राहत, गर्दीवर नजर टाकत आणि म्हणत, "तू हमदानचा जावई ना? ये आत. तुझ्या मामानं माझी गाडी चिखलातून काढली होती, तूही ये. तू कोण? नाही ओळखलं. बरं, बस." 'बरं, बस' म्हटलेली माणसं कधीकधी बसल्या बसल्याच बरी होत.

मग त्यांचे गुडघे गेले आणि ते मुलीकडे अम्मानला राहायला गेले. मंडळाची तातडीची बैठक झाली. अध्यक्ष हाज फव्वाझ यांनी मृत समुद्राकाठच्या एका हॉटेलात कुठलंसं शिबिर केलं होतं. तिथून आणलेला शब्द त्यांनी गंभीरपणे टेबलावर ठेवला : "संक्रमण काळ." कशातून कशात जायचं हे कुणी विचारलं नाही, कारण शेजारच्या खोलीत मन्सफचं, म्हणजे मेंढीच्या मटण-भाताचं, ताट निवत होतं. 'संक्रमण काळात रुग्णालयात वशिला चालणार नाही, सर्वांना रांगेनं तपासलं जाईल' असा ठराव सर्वानुमते झाला. पुढच्या चर्चेला तोंडं मोकळी नव्हती.

संक्रमणकालीन अधीक्षक म्हणून डॉ. रुवैदा यांची निवड झाली. गावचीच लेक, इरबिदला नावाजलेली शल्यचिकित्सक. लग्न न झाल्यामुळे सासरचा वशिला नाही, हा गुण मंडळानं खास नोंदवून घेतला.

बाईंनी एक खिडकी उघडली आणि तिच्यापुढे रांग लावली. पहिल्याच सकाळी हाज फव्वाझ आले.

"रुवैदा बेटा, ही माझी मेहुणी. गुडघा दुखतोय."

"काका, रांग तिकडून सुरू होते."

"अगं, मी काय वशिला लावतोय? वशिला परक्याचा असतो. ही तर घरची आहे."

"काका, ठराव तुम्हीच मांडलात ना?"

"म्हणूनच तर मांडला!" हाज फव्वाझ चकित झाले. "रांगच नसेल तर माणूस पुढे जाणार कुणाच्या?"

बाईंनी मेहुणीला रांगेच्या शेवटी खुर्ची दिली. त्या आठवड्यात गावातल्या एकाही माणसानं वशिला लावला नाही, हे मी चिटणीस म्हणून खात्रीनं सांगतो. कुणी नुसती माहिती दिली, कुणी आठवण करून दिली, कुणी बाईंच्या आजोबांच्या आत्म्याला शांती चिंतून तिथंच घुटमळत राहिलं. बाई सगळ्यांना रांगेचं टोक दाखवत राहिल्या.

मग व्हायचं तेच झालं. खून, लग्न आणि जमिनीच्या भांडणात आमच्याकडे जशी मध्यस्थ मंडळी जाते, तशी ती गुडघ्यासाठी बाईंच्या वडिलांच्या दारात उभी राहिली. खांद्यावर काळे अंगरखे, चेहऱ्यावर सात पिढ्यांचं गांभीर्य. वडिलांनी वेलदोड्याची कडू कॉफी ओतली. मंडळींनी पेले घेतले आणि न पिता जमिनीवर ठेवले.

"घ्या ना," बाई म्हणाल्या.

"मागणं मान्य झाल्याशिवाय कसली कॉफी?" हाज फव्वाझ म्हणाले.

बाईंच्या वडिलांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. न प्यालेली कॉफी घरातून परत गेली तर त्या दाराला पुन्हा कुणी पाहुणा शिवत नाही. ते कुजबुजले, "पोरी, गुडघा एकीचा आहे गं. अब्रू सगळ्या घराची आहे."

बाई निवत चाललेल्या पेल्यांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मान्य. ज्यांची ओळख आहे, त्यांच्यासाठी उद्यापासून वेगळी खिडकी."

पेले एका घोटात रिकामे झाले. मंडळात याची नोंद 'सुधारणांचा दुसरा टप्पा' अशी झाली.

दुसऱ्या खिडकीपुढे पहिल्याच दिवशी सगळं गाव उभं राहिलं. पहिल्या खिडकीपुढे उभं राहायचं म्हणजे आपल्याला या जगात कुणी नाही हे चारचौघांत कबूल करायचं. ताप परवडला. एका मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, कारण तिचा बाप पहिल्या खिडकीपाशी दिसला होता. तो बिचारा तिथं चष्मा शोधत होता.

दुसरी रांग बाजारापर्यंत गेली तेव्हा ओरड झाली : "सगळ्यांचीच ओळख, मग ओळखीचा उपयोग काय?" म्हणून मंडळानं तिसरी खिडकी काढली, ओळखीतही ज्यांची ओळख खास आहे त्यांच्यासाठी. तीही तुंबली. डॉक्टर तेवढेच होते. फक्त खिडक्या वाढत होत्या.

आणि पहिल्या खिडकीत एक डॉक्टर माश्या मारत बसलेला असे.

तिथं एक दिवस शहाता आला. हा इजिप्तचा, जैतुनाच्या घाण्यावर पोती उचलणारा. इथं त्याला ना मामा ना मावशी. त्याच्या पाठीवर गळू झालं होतं. त्याला लगेच आत घेतलं, फोडून पट्टी बांधली, वर डॉक्टरनं चहाही पाजला, कारण डॉक्टरला बोलायला कुणी हवंच होतं. शहाता शीळ घालत तिन्ही रांगांसमोरून निघून गेला.

तिसऱ्या रांगेतल्या सगळ्या माना त्याच्यामागे वळल्या.

"इतक्या लवकर?" हाज फव्वाझ माझ्या कानाशी लागले. "अबू मिशआल, याच्या मागे फार मोठं माणूस असणार."

"कैरोत?"

"त्याहूनही वर."

त्याच शुक्रवारी शहाताला हाज फव्वाझांकडे जेवायला बोलावलं. काल ज्याला 'ए शहाता, पोतं उचल' म्हणत होते, त्याच्यापुढे आज मेंढीचं मानाचं डोकं ठेवलं. तो घाबरून भाताच्या कडेकडेनंच खात होता.

"शहाता पाशा," हाज फव्वाझ लाडानं म्हणाले, "माझ्या मेहुणीच्या गुडघ्याचं तेवढं तुमच्या माणसाच्या कानावर घाला."

"माझा माणूस? देवाशपथ काका, माझं कुणी नाही! त्या खिडकीला जा. तिथं कुणी नसतं."

हाज फव्वाझांनी मला डोळा मारला. "पाहिलंस? खरा वशिल्याचा माणूस. नाव काढत नाही."

त्यानंतर शहाताच्या खोलीपुढे भाज्या, मध आणि कोंबड्या येऊ लागल्या. तो ते सारं घाण्यावरच्या सोबत्यांना वाटे, आणि सोबती आजारी पडले की पहिल्या खिडकीला जाऊन बरे होऊन येत. गावाची मात्र खात्रीच पटली की एवढ्या सगळ्यांचं काम करून देणारा हा साधा असामी नाही.

याच सुमारास माझ्या बायकोच्या, उम्म मिशआलच्या पोटात उजवीकडे कळ उठली. मंडळाचा चिटणीस म्हणून माझी जागा तिसऱ्या खिडकीला होती. पहाटेपासून आम्ही उभे. पुढे निम्मं मंडळ, त्यांच्या सासवा आणि शहाताची चिठ्ठी आणल्याचा दावा करणारे दोघं. शहाताला लिहिता येत नव्हतं.

दुपार चढली. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. ती भिंतीला धरत चालू लागली.

"कुठे निघालीस?"

"पहिल्या खिडकीला."

"वेडी झालीस? लोक काय म्हणतील? हिला कुणीच नाही?"

"सांगेन त्यांना," ती म्हणाली, "नवरा आहे, पण तो रांगेत उभा आहे."

मी जागचा हललो नाही. जागा गेली असती.

अस्रची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग व्हायच्या आत तिचं पित्ताशय काढून झालं होतं. डॉ. रुवैदा स्वतः बाहेर आल्या. हातमोजे काढत म्हणाल्या, "फुटायच्या बेतात होतं. आणखी थोडं थांबला असता अबू मिशआल, तर मंडळी तुमच्या घरी आली असती, सांत्वनाला. तेव्हा कॉफी कुणी नाकारत नाही."

मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडलो. पोटभर रडलो. मग डोळे पुसले आणि कुणी पाहिलं तर नाही ना, ते पाहिलं.

पाहिलं होतं. मला नाही, तिला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं : चिटणिसाची बायको पहिल्या खिडकीला! मशिदीत माझ्या शेजारी बसणारा अंतर ठेवून बसू लागला. आमच्या मुलासाठी, मिशआलसाठी, पाहिलेल्या मुलीच्या घरून 'जरा विचार करतो' असा निरोप आला. गावाच्या प्रतिष्ठेला एवढी इजा डॉ. जिर्यिस यांच्या काळात कधी झाली नव्हती.

मंडळाची बैठक भरली. 'संक्रमण काळ यशस्वीरीत्या पूर्ण झाला असून डॉ. रुवैदा यांचे आभार मानण्यात येत आहेत' हा ठराव मांडण्याचा मान मला मिळाला. बाईंनी एकच प्रश्न विचारला.

"कशातून कशात संक्रमण झालं, काका?"

"झालं ना बेटा!" हाज फव्वाझ म्हणाले. "कुठे झालं ते पाहायला नवी समिती नेमू."

बाई हसल्या. खरंच हसल्या, कडवटपणा नव्हता त्यात. इरबिदच्या बसपर्यंत त्यांचं सामान घाण्यावरच्या लोकांनी वाहिलं. उम्म मिशआल टाके सांभाळत निरोप द्यायला गेली. मी गेलो नाही. आभार मानून झाले होते.

पहिली खिडकी 'वापर नसल्यामुळे' विटांनी बुजवली. नवे अधीक्षक निव्वळ गुणवत्तेवर निवडले. ते माझ्या बहिणीचे दीर आहेत, हे निवडीनंतर सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि मिशआलचं लग्न आठवडाभरात ठरलं.

तर कधी इकडे येणं झालं आणि दुखलंखुपलंच, तर उगाच ताटकळू नका. चिटणीस अबू मिशआलनं पाठवलंय म्हणा, की झालं. नाही, असं हसू नका. हे सगळं ऐकताना तुम्ही रांगेच्या बाजूनं होतात, हे मला ठाऊक आहे. आमचं अख्खं गाव होतं.