हरत्या बाजूचे सदुभाऊ

सदुभाऊ पराते मॅच बघायला आले की आधी मैदानाच्या मधोमध, बाजूच्या रेषेजवळ उभेच राहत. बसत नसत. काखेत गुंडाळलेलं बस्कर, हातात छत्री, आणि चेहऱ्यावर लग्नघरात आपण मुलाकडचे की मुलीकडचे हेच विसरलेल्या पाहुण्याची घालमेल. मग कुठल्यातरी बाजूवर गोल होई. लोक ओरडत, टोप्या उडवत. सदुभाऊ त्या कल्ल्यातून शांतपणे चालू लागत आणि ज्यानं गोल खाल्ला त्या गोलकीपरच्या मागे जाऊन बस्कर अंथरत. बरोबरी झाली की उठून परत मध्ये. दुसरी बाजू हरू लागली की तिकडे. कस्तुरचंद पार्कवर एकदा हॉकीची मॅच चार-तीन अशी सुटली. त्या दिवशी खेळाडूंपेक्षा सदुभाऊच जास्त चालले असतील.

आता, ज्या बाजूला सदुभाऊ बसतील ती बाजू बहुतेक वेळा हरणार, हे उघड आहे. ती हरत असायची म्हणून तर ते तिथे बसायचे. पण खेळणाऱ्यांना एवढा विचार करायला सवड कुठली? त्यांना दिसे ते एवढंच की हा छत्रीवाला आला आणि आपण बुडालो. एकदा एका कॅप्टननं चालू मॅचमध्ये धावत येऊन त्यांच्यापुढे हात जोडले.

"भाऊ, पाया पडतो तुमच्या. तिकडं बसा ना. तुम्ही आले की आम्ही हारतो."

"मी आलो म्हनून तुम्ही नाई हारून राहिले गा," सदुभाऊ छत्री न हलवता म्हणाले. "तुम्ही हारून राहिले म्हनून मी आलो."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान शंभर वेळा ऐकलं असेल. त्याचा कुणावरही कधीही काडीचाही परिणाम झाला नाही.

आमची घरं सक्करदऱ्याला, तलावाच्या अलीकडे, एकाला एक लागून. सदुभाऊंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग. त्यांचा धाकटा भाऊ अजून लुगडी विणत होता, हे मात्र हायकोर्टात दफ्तरी म्हणून चिकटले होते. फायलींचे कागद लावायचे, भोकं पाडायची, शिवायचे, हे त्यांचं काम. घरचा धंदा बोटांतून पुरता गेला नव्हता. दोऱ्याला ते कोष्ट्याची अशी गाठ मारत की बड्या बड्या वकिलांना ती सुटत नसे. मग सदुभाऊंना बोलावणं जाई. ते येत, गाठ सोडता सोडता हळूच विचारत, "कोन हारलं जी?" जिंकलं कोण, हे त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

क्रिकेटवर त्यांचा राग होता. "तीन तीन दिवस बसा," म्हणायचे, "अन् मी कोनापाशी बसू थे काही समजत नाई. चहा पिऊन येते अन् पुन्हा उभे राह्यते लेकाचे. याले काय खेळ म्हन्ते?"

घरात सासू-सुनेचं वाजलं तरी हाच कायदा. जिची सरशी होई तिच्याविरुद्ध सदुभाऊ. त्यामुळे त्यांची आई भांडण रंगात आलं की एकदम खोकायला लागे आणि भिंत धरून खाली बसे. सदुभाऊ लगेच तिच्या बाजूला. त्यांची बायको गंगूवहिनी एकदा माझ्यापाशी कुरकुरली, "पाहा नं भाऊजी, मी जिंकली की घरात एकटीच पडते. मले हारता नाई येत बुढीवानी."

"शिक वं मंग," आतून सदुभाऊ म्हणाले. "बुढीपासून काही तरी शिक."

पहिल्या निवडणुकीत आमच्या भागातून सहा जण उभे होते. सदुभाऊ पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या सभा ऐकून आले आणि सातव्या दिवशी एकाच्या सभेत पुढच्या रांगेत बस्कर टाकून बसले. त्या उमेदवाराचं बोलणं तिथेच अडखळलं. दुसऱ्या दिवशी त्याचे कार्यकर्ते सदुभाऊंच्या दारात टांगा घेऊन हजर. म्हणाले, समोरच्याची सभा आहे, आम्ही नेऊन सोडतो, परतही आणतो. सदुभाऊ टांग्यात बसायला मिळतं म्हणून गेले, सभा ऐकली, भजी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पायी पायी परत पहिल्याकडेच जाऊन बसले. तो उमेदवार सपाटून पडला. निकालाच्या संध्याकाळी त्याच्या घरी जाणारे सदुभाऊ एकटेच. त्यानं दारातच आईमाईवरून उद्धार केला. सदुभाऊ तो संपेपर्यंत थांबले आणि मग आत जाऊन बसले.

पुढे काही वर्षांनी नागपूरची राजधानी गेली. सचिवालयाच्या फायली पेट्यांत भरून भोपाळकडे निघाल्या, माणसं रडकुंडीला आली. मी सदुभाऊंना विचारलं, आता कुणाच्या मागे बसणार? म्हणाले, "आता उठाचं कामच नाई गा. अख्खं नागपूरच हारलं. मी बसल्या जागी बरोबर हाओ."

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. राजधानी अजून आमची होती आणि हायकोर्टात एका जजाची जागा रिकामी झाली होती.

मी तेव्हा नानासाहेब वकिलांकडे मुन्शी होतो. नानासाहेबांचा बंगला रामदासपेठेत. माणूस विद्वान, सरळ, आवाज जरा बारीक. रिकाम्या जागेसाठी दोन नावं बोलली जात होती. एक नानासाहेबांचं आणि दुसरं सिव्हिल लाइन्समधल्या एका बड्या वकिलाचं. नानासाहेब मला म्हणाले होते, "केशव, माझं झालं तर तुला बरोबर घेतो." म्हणजे सरकारी नोकरी, म्हणजे पेन्शन. घरी आईनं हे ऐकल्यापासून माझ्या ताटात तूप वाढायला सुरुवात केली होती.

कोर्टासमोरच्या चहावाल्याकडे त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. ज्यानं कायद्याचं पुस्तक लांबून पाहिलं होतं तोही जज नेमत होता. सदुभाऊ मागे कसे राहतील?

"जज म्हंजे काय? रेफ्री," बशीत चहा ओतत ते म्हणाले. "अन् ज्यानं जिंदगीत गोल खाल्ला नाई, त्याले कायले शिट्टी देता गा? त्याले काय समजते, समोरच्याच्या पोटात काय होऊन राहिलं थे? जज असा पायजे का जो लय वेळा हारला."

"मग तुमचं मत कुणाला?" कुणीतरी आग लावली.

"इचारता काय? मागल्या चार वर्सातल्या फायली मी शिवल्या. सगळ्यात जास्त कोन हारलं, माह्या बोटाले मालूम हाय." त्यांनी माझ्याकडे अभिमानानं पाहिलं. "याचा साहेब! त्याच्या जवळपास बी कोनी नाई. जज थोच झाला पायजे."

चहावाल्याच्या बाकावर जे हसू फुटलं ते थेट बाररूममध्ये पोचलं आणि दुपारपर्यंत नानासाहेबांच्या कानावर. त्यांनी फक्त दौतीत दोनदा टाक बुडवला. मला मात्र घाम फुटला. चेष्टेची मला भीती नव्हती. भीती ही होती की सदुभाऊंना नानासाहेब आवडायला लागले होते.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेलो.

"सदुभाऊ, एक वचन द्या."

"बोल ना गा."

"साहेबांच्या जागेची ऑर्डर येईपर्यंत तुम्ही रामदासपेठेत पाय ठेवायचा नाही. फाईल द्यायलासुद्धा नाही."

त्यांनी वर पाहिलं. "तू बी, केशव? शिकला-सवरला माणूस तू."

"मी काही मानत नाही हो," मी म्हणालो. "पण उगीच कशाला?"

"मी आलो म्हनून..." त्यांनी सुरुवात केली आणि मधेच थांबले. पहिल्यांदाच ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. "बरं बावा. नाई येत. ऑर्डर येऊ दे."

मला वाईट वाटलं. पण तूप आठवलं आणि वाईट वाटणं बरंच कमी झालं.

पुढचे पंधरा दिवस नानासाहेबांच्या बंगल्यात जत्रा होती. ज्यांना त्यांनी दहा वर्षांत पाहिलं नव्हतं असे नातेवाईक उमरेडहून, वर्ध्याहून येऊन राहिले. एक ज्युनियर नव्या झग्याचं माप घेऊन गेला. नानासाहेब "अहो, अजून काही नाही, काही नाही" म्हणत आणि त्यांचे कान लाल होत. शेवटी एका शुक्रवारी, आज येणार, नक्की येणार, अशी आतली बातमी आली. ज्युनियरांनी सिताबर्डीवरून झेंडूच्या हारांची मोठी टोपली आणवली. पाणी शिंपडून ती व्हरांड्यात ठेवली.

साडेपाचला फोन वाजला. नानासाहेबांनी तो स्वतः घेतला, "बरं. बरं. फार चांगलं झालं," म्हणाले आणि ठेवला. मग आमच्याकडे वळून त्याच बारीक आवाजात त्यांनी सिव्हिल लाइन्सवाल्यांचं नाव सांगितलं.

त्यानंतरची पंधरा मिनिटं बघण्यासारखी होती. एकाची सासू आजारी असल्याचं त्याला आठवलं. दुसऱ्याला गाडी गाठायची होती. ज्युनियर मंडळी व्हरांड्यात घुटमळली, आणि कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं की हार सुकून जातील. एवढंच म्हणायचा अवकाश. टोपली उचलली गेली आणि वरात सिव्हिल लाइन्सकडे निघाली.

टोपली मी धरली होती. दुसरा कान दुसऱ्या कुणीतरी धरला होता, पण एक कान माझ्याच हातात होता, हे सांगून टाकलेलं बरं. सायकल मी घाईत नानासाहेबांच्या फाटकातच विसरलो. नव्या जजसाहेबांच्या गळ्यात मीही हार घातला. त्यांनी मला पेढा दिला. मी तो खाल्ला. गोड होता.

परतताना वाटेत माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती काही केल्या मनातून जाईना. सदुभाऊ रामदासपेठेत फिरकलेच नव्हते. त्यांनी शब्द पाळला होता. आता दोष कुणाच्या माथी मारायचा?

सायकल घ्यायला फाटकाशी आलो तर अंधारायला लागलं होतं. व्हरांड्यात नानासाहेब आरामखुर्चीत एकटेच बसले असतील म्हणून मी पाय न वाजवता आलो होतो. पण ते एकटे नव्हते. खालच्या पायरीवर सदुभाऊ बसले होते. ऑर्डर आली होती, त्यांचं वचन संपलं होतं. सक्करदऱ्याहून ते थेट चालत आले असणार.

"...तर मी इस वर्साचा, साहेब," ते सांगत होते. "नागपंचमीची दंगल, उमरेडले. समोरचा पयलवान भिवापूरचा. तिथल्या मिरचीवानीच लाल अन् तेवढाच तिखट. हात मिळवला थे याद हाय, मंग एकदम आभाळच दिसलं."

सदुभाऊंनी छत्री बाजूला ठेवली.

"त्याले खांद्यावर घेतलं लोकायनं. ढोल, ताशे. जुलूस निघाला गावातून. आता माहे कपडे माह्या आतेभावापाशी होते. थो बी नाचत नाचत जुलुसात गेला ना! माह्यं धोतर त्यानं हातात झेंड्यावानी फिरवलं. मी लंगोटावर मैदानात उभा. म्हटलं, थो येईन आता परत. आता येईन. सारी गर्दी सरली, दोर सोडून नेले, कंदील लागले गावात. कोनी नाई आलं. मंग निघालो तसाच, घरामागून, कुंपनामागून. उमरेडचं एकेक कुत्रं मले येशीपोत पोचवाले आलं, साहेब."

आधी आरामखुर्ची करकरली. मग तो बारीक आवाज फुटला. नानासाहेब हसत होते. पोट धरून, डोळे पुसत, थांबून पुन्हा हसत होते. त्या घरात मी सहा वर्षं काम केलं, पण त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. फाटकाशी मलाही हसू आवरेना. सदुभाऊ समाधानानं मान हलवत होते.

हसणं ओसरलं. नानासाहेबांनी चष्मा पुसून परत लावला. वकील माणूस, जबानी अर्धवट राहिलेली त्यांना चालत नसे.

"मग सदाशिव," त्यांनी विचारलं, "कपडे मिळाले का तुला परत?"

सदुभाऊंची हलणारी मान थांबली. ते पायरीकडे बघू लागले.

"नाई भेटले, साहेब," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "तीस वर्सं झाली. किती झनायले सांगतली ही गोष्ट. हासले सारेच. भेटले का म्हनून तुम्हीच पयले विचारलं."

माझं हसू तोंडातच राहिलं होतं, ते कुठे ठेवावं कळेना. सदुभाऊंची ही गोष्ट मला आमच्या ओट्यावर दहादा तरी ऐकून पाठ होती, आणि दहाही वेळा मी कुत्र्यांपर्यंत हसून घरी गेलो होतो. मी सायकल भिंतीला लावली, वर गेलो आणि त्यांच्याजवळच्या पायरीवर बसलो. हातांना झेंडूचा वास येत होता. दोघांनाही तो आला असणार. पण मला कुणी काही विचारलं नाही.