कोठीतली टकटक

टक्.

घरातली दुर्मिळ शांतता मोडली आणि लॅपटॉपवरची तिची बोटं थबकली. पातळ पत्रा वाकवून केलेले खांब किती भार पेलतील, हे ठरवणं तिचं काम. हे तिचं एकटीने केलेलं पहिलं डिझाइन. संध्याकाळी कारखान्यात त्याच मापाचे खांब निघायला लागणार होते. नमुन्याचा रॅक घरी कोठीच्या खोलीत उभा होता, सासूबाईंच्या बरण्यांसकट.

टक्.

ती धावली. कोपऱ्यातल्या खांबाच्या सपाट बाजूला तळव्याएवढा फुगवटा आला होता.

"मी म्हटलं नव्हतं? कागदासारखा पत्रा तो!" सासूबाई मागोमाग आल्याच.

"आई, पत्रा जरा फुगला म्हणजे खांब गेला असं नसतं. कडा घट्ट असल्या की तो पुढेही भार घेतो."

"पोट सुटलं तरी माणूस हिंडतो, तसं?" सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं.

तिच्या नवऱ्याने झटकन पोट आत घेतलं. त्याच क्षणी, टक्, खांबाचा फुगवटाही आत गेला.

"हे मी केलं?" तो घाबरून म्हणाला.

"गप रे. आधी बरण्या उतरव," तिने दटावलं.

भार उतरला की आवाज थांबायला हवा होता. उलट टकटक वाढली.

"मग परत चढवू?"

चढवल्या. टक्. उतरवल्या. टक्, टक्. आता वरच्या सगळ्या फळ्या रिकाम्या. तळाशी फक्त जुन्या पांघरुणांचं गाठोडं. तिने तिथेच फरशीवर बसून गणित पुन्हा मांडलं. भार शून्य, तरी खांब वाकतोय! डोळ्यांत पाणी आणून तिने साहेबांना फोन लावला.

"सर, काम थांबवा. आपला खांब काहीही न ठेवता वाकतोय."

"काहीही न ठेवता?"

"हो सर."

"मॅडम, तुम्ही जेवलात का?"

तेवढ्यात नवऱ्याने गाठोडं ओढलं. मागे, भिंत आणि रॅक यांच्या फटीत, त्यांची लेक बसली होती. टाच खांबाच्या आतल्या बाजूला टेकलेली. दाबली की टक्, सोडली की टक्.

"हॅलो? मॅडम?"

"खांब ठीक आहे, सर. चालू द्या काम. बाजूने भार येत होता... मी तो हिशेबात धरलाच नव्हता."

फोन ठेवताना तिला आठवलं. दुपारी तिनेच लेकीला सांगितलं होतं, "तू लप, राज्य माझ्यावर." आणि दोनच मिनिटं म्हणून लॅपटॉप उघडला होता.

लेक धूळ झटकत विजयी चेहऱ्याने बाहेर आली.

"सापडतच नव्हते ना मी? म्हणून तर टकटक केली. केवढ्या बरण्या काढल्यात तुम्ही!" तिने आईच्या गळ्यात हात टाकले. "आई, एवढा वेळ तू मलाच शोधत होतीस ना?"