बैलाची तालीम, सायकलची शर्यत

"आये, ह्यो पावना कवा जायाचा?"

अंजनाने हे विचारलं तेव्हा लीलाबाई भाकरी थापत होती आणि पावणा चुलीपासून चार हातांवर जेवत बसला होता. पावणा म्हणजे अंजनाचा सख्खा बाप, पलटणीतला नायक मानसिंग. त्याच्या हातातला घास हातातच राहिला.

"अंजे, बापू हायती तुजं," लीलाबाई म्हणाली. "पाया पड."

अंजना पाया पडली. पावण्यांच्या पडतात तशीच पडली आणि आजोबांच्या मागे जाऊन लपली.

यात पोरीची काही चूक नव्हती. मानसिंग गेला तेव्हा ती रांगत होती. पुढची एक रजा बर्फाने खाल्ली, दुसरी साहेबाने नाकारली. आता अठ्ठ्याहत्तर सालच्या संक्रांतीला दोन महिन्यांची रजा घेऊन तो कुंडलला आला, तर पोरगी पाच वर्षांची झालेली आणि बाप कुठल्या रंगाचा असतो हेसुद्धा तिला ठाऊक नाही. मानसिंगने बाहुली दिली, ती तिने घेतली नाही. गोळ्या दिल्या, त्या शेळीला चारल्या. रात्री अंथरुणावर पडून तो आढ्याकडे बघायचा. रजेचे दिवस काही कुणासाठी थांबत नव्हते.

त्याच्या ट्रंकेत एक रंगीत कागद होता. कॅप्टनसाहेबांच्या बाईंनी दिलेला स्वेटर ज्या परदेशी मासिकात गुंडाळला होता, त्याचं हे पान. अमेरिकेतली चार-पाच वर्षांची पोरं डोक्यावर टोप घालून मातीच्या ढिगांवरून बारक्या सायकली उडवत होती. खाली बी.एम.एक्स. अशी तीन अक्षरं होती आणि त्यांचा अर्थ साहेबांनाही सांगता आला नव्हता. मानसिंगला अर्थाशी कर्तव्य नव्हतं. त्या चित्राच्या कोपऱ्यात एक बाप होता आणि शर्यत संपवलेलं पोर त्याच्या गळ्यात पडलं होतं. मानसिंगने वर्षभर तेवढाच कोपरा बघितला होता.

तो सांगलीला गेला आणि जुनी, बारकी, दोन चाकांची सायकल एस.टी.च्या टपावर टाकून घेऊन आला. चित्रातल्यासारखी दिसावी म्हणून त्याने तिचे मडगार्ड काढले, घंटी काढली. पण अंजना काही सायकलवर बसेना. तेव्हा आबा मधे पडले.

आबा म्हणजे हंबीरराव, मानसिंगचे वडील. शर्यतीचे बैल तयार करण्यात आख्ख्या तालुक्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांचा लाडका खोंड गेला आणि तेव्हापासून ते दावणीकडे तोंड करून गप्प बसत. त्यांनी तो कागद उलटा धरून बराच वेळ बघितला.

"हे तर आपलंच हाय की गड्या," ते म्हणाले. "जनावर तेवढं येगळं. सोड माज्याव."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे दुधात कच्चं अंडं सुरू झालं. पोटऱ्यांना तेल सुरू झालं. सायकलच्या हँडलला आबांनी शिंगांना लावतात तसा हिंगूळ लावला आणि पुढे काळा गोंडा बांधला.

"आवं मामा, पोरगी हाय ती, खोंड न्हवं," लीलाबाई म्हणाली.

"खोंड आसतं तर आठ दिसांत तयार झालं आसतं," आबा म्हणाले. त्यांनाही या गोष्टीचं वाईट वाटत होतं.

त्यांची पद्धत साधी होती. खोंडाला चाबूक लागत नाही, पुढे काय आहे ते त्याला कळलं की पुरे. उसाच्या कडेने गाडीवाट होती. ती एका वळणावरून विहिरीपर्यंत जायची. विहिरीपाशी मानसिंगने गूळखोबरं घेऊन उभं राहायचं, इकडून आबांनी सायकलचं खोगीर धरायचं आणि योग्य वेळी सोडायचं.

पहिल्या दिवशी अंजना चार वेळा पडली आणि शेवटी सायकल हातात धरून बापापासून दहा पावलांवर थांबली.

"गूळ थितं ठिव," तिने हुकूम केला. "आन् लांब हो."

मानसिंगने गूळ दगडावर ठेवला आणि तो लांब झाला. शत्रूपुढे मागे न हटलेला माणूस, पण इथे इलाज नव्हता. आठवड्याने दहा पावलांची पाच झाली. महिन्याने तिने गूळ हातातून घेतला, पण बोटाला बोट लागू दिलं नाही. पुढे मात्र वळणावरून सायकल येताना दिसली की ती नीट त्याच्या पायांवरच येऊन आदळायची. दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या झाल्या आणि त्या तो लीलाबाईला कौतुकाने दाखवायचा. तरीही "बापू" म्हणून हाक काही तिच्या तोंडून आली नव्हती.

जत्रेत बैलांच्या शर्यतीआधी लहान पोरांची सायकल शर्यत घ्यायला पंच भाऊसो तयार झाले. "पर नियम बैलांचं," ते म्हणाले. "दुसरं आमास्नी येत न्हाईत."

रजेचा शेवटून दुसरा दिवस होता. मैदान माणसांनी भरलेलं. मानसिंग गूळखोबरं घेऊन शेवटच्या निशाणापलीकडे जाऊन उभा राहिला, तसे भाऊसो धावत आले.

"मालकानं निशाणाम्होरं ऱ्हायाचं न्हाई! जिथनं सुटत्यात थितं जाऊन आपलं जनावर धरायचं."

"आवं, मी बाप हाय तिचा."

"मग तूच मालक. मागं लालासाहेबानं म्होरनं पेंड दावून बैल पळीवलं, तवापास्नं नियम हाय. इचार तुज्या बापाला. त्येंनीच भांडून करून घेतलाय."

आबांनी मान खाली घातली. नियम खरोखरच त्यांचा होता.

मग मानसिंग सुरुवातीच्या रेघेवर खोगीर धरून उभा राहिला. पाच सायकली होत्या. त्यातली एक तीन चाकांची, लालासाहेबांच्या नातवाची. नारळ फुटला, झेंडा पडला, चार सायकली धुरळा उडवत गेल्या. अंजनाने एकदा पुढे बघितलं. तिकडे कुणीच नव्हतं. तिने सायकल वळवली, मानसिंगभोवती एक चक्कर मारली, त्याच्या नडगीवर चाक आदळलं आणि हात पुढे केला.

"अंजे, पळव की! तिकडं जा!" आबा ओरडले.

"तिकडं कशाला?" अंजना म्हणाली. "बापू तर हितंच हायती."

मैदान खदाखदा हसलं. पुढे दोन पोरं एकमेकांवर आदळली, तिसरं आईला बघून रडत बाहेर गेलं आणि तीन चाकी पहिली आली. आबा डोक्याला हात लावून खाली बसले. त्यांनी तयार केलेलं काही जागेवरून न हलण्याची ही पहिलीच वेळ होती. मानसिंगने मात्र पोरीला उचललं आणि ती त्याच्या गळ्यात पडली. शर्यत हरून इतका आनंद झालेला माणूस त्या मैदानाने बघितला नसेल. तो हसत होता आणि रडत होता, आणि लोक त्याला धीर देत होते.

घरी आल्यावर त्याला ट्रंक भरायची आठवण झाली.

अंजना ट्रंकेवर बसली ती उठेना. रात्री त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून झोपली. पोर जवळ कशी येईल म्हणून दोन महिने झुरलेलं घर आता तिला दूर कसं ठेवायचं म्हणून खल करत बसलं.

"आबा, कायतरी करा," मानसिंग म्हणाला. "रडाय लागली तर माझा पाय निघायचा न्हाई."

"जवळ आणायचं म्या शिकीवलं," आबा म्हणाले. "लांब करायचं मला येत न्हाई रं. खोंडाला कवा तसलं शिकवाय लागलं न्हाई."

शेवटी लीलाबाईनेच तोड काढली. सकाळी अंजनाला नेहमीसारखं अंडं घातलेलं दूध दिलं. बापू विहिरीपाशी उभे आहेत असं सांगितलं. आबा तिला गाडीवाटेवर घेऊन गेले. तेवढ्यात मानसिंग स्वतःच्याच घराच्या मागल्या दारातून बाहेर पडला आणि डोक्यावर ट्रंक घेऊन, पलटणीत शिकवलं होतं तसा वाकून, उसातून फाट्याकडे गेला. चोर बरा, त्याला निदान काही घेऊन जायचं असतं.

आबा खोगीर धरून उभे होते. फाट्यावर एस.टी. थांबल्याचं ऐकू आलं. मग ती निघाल्याचं ऐकू आलं. आवाज बारीक होत होत पलीकडे गेला आणि उसात नुसती पानं वाजत राहिली.

"आबा, सोडा की," अंजना म्हणाली. "बापू वाट बघत आस्त्याल."

आबांनी खोगीर दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"थांब वाईच," ते म्हणाले. "आजून झेंडा पडला न्हाई."