तीन हजार चौऱ्याहत्तर नंबरचं दार

रविवारी दुपारी अडीच वाजता टीव्हीवर लाल अक्षरं उमटली : ‘नॅट कडक. या स्थितीत अंतिम शर्यतीत भाग घेता येणार नाही.’

दीपेशनं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं. शर्यत चार वाजता होती. आठवडाभर द्रोणागिरीच्या गोदामात कंटेनरच्या नोंदी करणारा हा पस्तिशीचा माणूस रविवारच्या चार वाजण्यासाठी जगायचा, आणि त्या चार वाजण्याचं नाव होतं सी-१९३०.

सी-१९३० कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दीपेशला एवढंच माहीत होतं, की त्या निळ्या गाडीनं त्याला एक्केचाळीस वेळा हरवलं होतं. घाटातल्या ज्या वळणावर भले भले ब्रेक दाबत, तिथं ती निळी गाडी लोण्यातून सुरी जावी तशी जायची. आणि पुढे जाण्याआधी इंडिकेटर द्यायची. गेममध्ये! जिथं पोलीस नाही, चलन नाही, तिथं इंडिकेटर! शर्यत संपली की पडद्यावर एकच ओळ यायची : ‘प्रॅक्टिस मोअर.’

“कोरियाचा असणार,” दीपेश बायकोला सांगायचा. “नाहीतर चिलीचा. सी फॉर चिली.”

“चिलीत या वेळेला सकाळ असते. रविवारी सकाळी कोण उठून गाडी पळवेल?” दिपिका विचारायची.

“तपस्वी माणूस आहे तो. मला फक्त एकदा जिंकायचंय गं त्याच्याशी. एकदाच.”

आज ती संधी होती. आणि आज नॅट कडक होतं, म्हणजे बाहेरच्या खेळाडूंना त्याच्या गेमपर्यंत यायची वाट बंद होती.

दीपेशनं मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले आणि त्याला एवढं समजलं : राउटर म्हणजे घराचा दरवान. त्याच्याकडे हजारो दारं असतात. या गेमला तीन हजार चौऱ्याहत्तर नंबरचं दार लागतं. दरवानाला सांगायचं, ‘बाबा रे, या दारानं जो येईल त्याला थेट दीपेशच्या कन्सोलकडे पाठव.’ बस.

त्यानं राउटरचं पान उघडलं, नंबर लिहिला, बटण दाबलं.

‘हे दार दुसऱ्या यंत्राला दिलेलं आहे.’

“दुसऱ्या? कुठल्या दुसऱ्या?” दीपेशनं जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली आणि तो सोफ्यावरून हळूहळू उठून उभा राहिला. देवळात गाभाऱ्याचा पडदा सरकल्यावर माणूस उभा राहतो, तसा.

“दिपिका, आपल्या घरात माणसं किती?”

“तीन.”

“यादीत एकतीस आहेत.”

खांदा कॉलनीच्या पलीकडच्या गावात ठमाबाईंची ही चार मजली इमारत. तळाला गाळा. पहिल्या मजल्यावर स्वतः ठमाबाई, मुलगा आणि सून. दुसऱ्यावर विश्वजीत नावाचा लग्नाळू भाडेकरू. तिसऱ्यावर सुनीता बाई. या बाईंनी दीपेशला आठवीत इतिहास शिकवला होता, आणि अजूनही त्या जिन्यात भेटल्या की तो शर्टाचं वरचं बटण लावायचा. चौथ्यावर दादूकाका, पाण्याची मोटर फोनवरून चालू-बंद करणारे. सगळ्यांची मोजदाद केली तरी एकतीस होत नव्हते.

“आये, वायफायचा पासवर्ड कुणाकुणाला दिलास?”

ठमाबाई कोळंबी सोलत होत्या. “जो मागल त्याला. पानी मागला तर देत नाय का आपन? ह्यो बी तसाच.”

“अगं, पाणी वेगळं, नेट वेगळं!”

“तो जोडनीवाला सांगून गेलाय, अनलिमिटेड हाय. मंग सरल कसा?”

दीपेशनं सरळ पासवर्डच बदलला, राउटर बंद केला, चालू केला, त्याचा दिवा बघत बसला, आणि

लाल.

लाल.

लाल.

हिरवा.

आणि यादीत एकच नाव उरलं, दीपेशचा मोबाइल. कन्सोल नव्या पासवर्डनं जोडायचा अजून बाकी होता. एवढी शांतता त्या पानावर कधी नांदली नसेल.

“नवा काय ठेवलास?” ठमाबाईंनी आतून विचारलं. “माजा फोन बंद परला.”

आईच ती. दीपेशनं सांगितला.

तीन वाजता त्यानं पुन्हा पान उघडलं. अठ्ठावीस.

तो जिन्यावरून धावतच खाली गेला. पुढच्या फाटकापाशी ठमाबाईंनी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाण्याचा माठ ठेवला होता, हे त्याला ठाऊक होतं. पण तो स्वतः नेहमी गाडीसाठी मागच्या फाटकानं यायचा. त्यामुळे माठाच्या वरची भिंत त्यानं बऱ्याच महिन्यांत पाहिली नव्हती. तिथं पेंटरकडून सुबक निळ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं : ‘पिण्याचे पाणी.’ खाली : ‘वायफाय.’ आणि त्याखालचा जुना पासवर्ड चुन्यानं पुसून कोळशानं नवा लिहिला होता. चुना अजून ओला होता.

भिंतीसमोर तीन रिक्षावाले फोन हातात धरून उभे होते. एकानं दीपेशला मान लववून नमस्कार केला. “दादा, तुमच्या आई म्हणजे देवमाणूस.”

दीपेशला राग यायला हवा होता. पण त्या भिंतीकडे बघून त्याचा ऊर थोडा भरूनच आला, आणि मग त्यानं घड्याळ पाहिलं. तीन वाजून बारा.

आता एकच मार्ग उरला होता. ज्यानं दार बळकावलंय तो सापडेपर्यंत एकेक यंत्र बंद करत जायचं. यादीत नावं अशी होती की वाचून काही बोध होऊ नये : नुसते आकडे, नुसती अक्षरं. दीपेशनं डोळे मिटून पहिल्यावर बोट ठेवलं.

दार अजून दुसऱ्याकडेच. पण फाटकावरून आवाज आला.

“ठमाकाकी! माजा डबा मुका झाला गो!”

मासळीवाली मालू. पैसे आले की मोठ्यानं सांगणारा तिचा डबा गप्प झाला होता, आणि गिऱ्हाईक पापलेट घेऊन ‘दिले, दिले’ म्हणत उभं होतं.

दीपेश आपल्या बोटाकडे बघत राहिला. त्यानं इथं सोफ्यावर बसून एक टिचकी मारली आणि तिकडे फाटकावर एक वाचा बंद झाली.

“मालूचा सोडा आधी,” दिपिका म्हणाली.

“सोडायचं तर राउटर पुन्हा चालू करावा लागतो. सगळे एकदम सोडतो. पाच मिनिटं.”

त्यानं पुढची चार बंद केली. रिक्षावाले हळहळत पांगले. पाचव्याला वरच्या मजल्याची खिडकी धाडकन उघडली.

“दीपेशदादा! नेट!” विश्वजीत कमरेपर्यंत बाहेर आला होता. वर कोट, खाली बर्म्युडा. “मुलगी बघणं चाललंय ओ, व्हिडिओवर! तिच्या वडिलांनी विचारलं, ‘कधी घेता का?’ आणि मी ‘छे’ म्हणायच्या आत चित्र गोठलं! साताऱ्यात सगळ्या खोलीला माझं उघडं तोंड दिसतंय!”

“फोनच्या नेटवरून कर ना!”

“त्यांना वाटेल मी विचार करत होतो!”

तीन पस्तीस. आणखी सोळा गेली, आणि कुणाचाच आवाज आला नाही. सतरावं बंद केलं तेव्हाही दोन मिनिटं शांतता होती. मग खिडकीबाहेरून पाणी पडायला लागलं.

आधी धार. मग पडदा. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, आणि लख्ख उन्हात चार मजल्यांवरून पाणी असं कोसळत होतं की त्यात चक्क इंद्रधनुष्य दिसत होतं. ठमाबाई कोळंबी सोडून खिडकीशी आल्या. “बाई, बाई, बाई,” एवढंच त्या म्हणाल्या.

“माझी चादर!” दिपिका ओरडली.

“मोटर बंद होत नाय!” दादूकाका फोनवर बोट आपटत जिन्यात ओरडत होते. “फोन बोलतो, मोटर सापडत नाय! मोटर काय पलून गेली काय?” शेवटी त्यांनी लुंगी खोचली, चौथ्या मजल्यावरून तळाला धावत गेले आणि फ्यूज उपटला.

आता कोणालाही दीपेश थांबेल असं वाटलं असतं. पण तीन पन्नास झाले होते, आणि घरची यंत्रं सोडली तर यादीत एकच अनोळखी नाव उरलं होतं. नाव म्हणजे नावच नव्हतं. ‘अज्ञात.’ दीपेशनं ते बंद केलं.

त्यानं दार पुन्हा मागितलं. राउटरनं क्षणभर विचार केला.

‘दिले.’

कन्सोलवर हिरवी अक्षरं आली : ‘नॅट खुले.’ दीपेश खिडकीशी जाऊन कान देऊन उभा राहिला. या वेळी ना फाटकावरून हाक आली, ना वरून, ना जिन्यातून.

“बघितलंस? हाच चोर होता,” तो दिपिकाला म्हणाला. “म्हणून तर ओरडत नाही.”

चार वाजले. दीपेश रांगेत उभा. निळ्या गाडीची जागा रिकामी. चार वाजून दोन. चार वाजून पाच. मग पडद्यावर फटाके उडाले : ‘प्रतिस्पर्धी गैरहजर. विजेता : पनवेलचा वाघ.’

“आयला!” दीपेश एवढ्या मोठ्यानं ओरडला की इमारतीच्या मधल्या डक्टातली कबुतरं उडाली. “आये! जिंकलो! चिली आला नाही! घाबरला!”

“कोन घाबारला?” म्हणत ठमाबाईंनी त्याच्या तोंडात साखर कोंबली.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. तीन वेळा, सारख्या अंतरानं.

दारात सुनीता बाई. इस्त्रीची सुती साडी, नाकावर चष्मा आणि गळ्यात हेडफोन.

“ठमाबाई, माझं नेट तीन पन्नासला गेलं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “ओरडायची सवय नाही म्हणून जिना उतरून आले. गुडघ्यामुळे वेळ लागला.”

दीपेशच्या तोंडातली साखर तिथंच राहिली. तो हेडफोनकडे बघत होता. त्याचा हात आपोआप वरच्या बटणाकडे गेला.

“बाई… तुम्ही?”

“तीन हजार चौऱ्याहत्तर मी गेल्या रविवारीच घेतला होता. परीक्षेची तयारी आदल्या तासाला करायची नसते, हे किती वर्षं सांगितलं मी तुम्हाला.”

“तुम्हाला ठाऊक होतं? मी आहे ते?”

“मी जिंकले की डक्टातून तुझं ‘आयला’ ऐकू यायचं. पहिल्यांदा योगायोग वाटला. पाचव्यांदा खात्री झाली.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“पर्यवेक्षक पेपर चालू असताना बोलतात का?”

दीपेश जमिनीकडे बघत म्हणाला, “बाई, मी चुकून जिंकलो. तुमचं नेट मीच तोडलं.”

“दिसतंय.” बाईंनी त्याच्या हातातून मोबाइल घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या राउटरच्या पानावर अशी बोटं चालवू लागल्या की सगळे मागे येऊन उभे राहिले. दिपिका. ठमाबाई. ओली लुंगी पिळत दादूकाका. फाटकावरून आलेली मालू. कोटातला विश्वजीत. “एक दार दोघांना देता येत नाही. हे मला. हा शेजारचा नंबर तुला. आणि बाकीच्यांना सोडायचं. आता दोन मिनिटं कोणी काही

लाल.

लाल.

हिरवा.

बोलू नका.” खाली मालूचा डबा खणखणीत बोलला. विश्वजीत जिना चढत “छे! कधीच नाही!” म्हणून फोनवर सांगत होता.

“शर्यत परत होऊ दे,” दारात थांबून बाई म्हणाल्या. “निकालासाठी नाही. मला रविवार वाया घालवायला आवडत नाही.”

“बाई, एक विचारू? सी म्हणजे?”

“चिरनेर. माझं गाव. आणि एकोणीसशे तीस?” त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पुन्हा वरचं बटण चाचपलं. “आठवीत सहामाहीला विचारलं होतं. तेव्हाही कोराच सोडला होतास.”

साडेचारला शर्यत झाली. घाटातल्या वळणावर निळ्या गाडीनं इंडिकेटर दिला. दीपेशला आता ठाऊक होतं की त्या गाडीत कोण आहे. गुडघे दुखणारी, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी, चहात साखर न घेणारी. ती वळण कशी घेते ते बघण्याच्या नादात त्यानं स्वतःची गाडी दरीत घातली.

बेचाळीस.

पडद्यावर ओळ आली. या वेळी ‘प्रॅक्टिस मोअर’ नव्हतं. मराठीत होतं : ‘प्रश्न तोच आहे.’

दीपेश उठून स्वयंपाकघरात गेला. “आये, एकोणीसशे तीसला चिरनेरला काय झाला?”

ठमाबाईंचा झारा हातातच थांबला. “जंगलाचा सत्याग्रह झाला. जंगल आमचा बोलले, आनि सरकारला न इचारता लाकरा तोराया कोयते घेऊन गेली मानसा. गोल्या घातल्या त्यांच्यावर. मेली किती. माजी आजी सांगायची, घरात तवा चूल पेटवली नाय कोनी.” तेलात कोळंबी तडतडत होती. “तुला म्हाईत नाय? हिथनं किती लांब हाय चिरनेर?”

दीपेश परत आला. मांडीवर कंट्रोलर घेऊन त्यानं एकेक अक्षर निवडत ते सगळं लिहिलं. चूल पेटवली नव्हती, तेही. पाठवलं, आणि खिडकीशी जाऊन डक्टाकडे कान लावला.

मग मागं टीव्हीवर टिंग झालं.

‘एक गुण. पुढच्या रविवारी चारला.’